न उघडलेल्या खोक्यातली गाडी

“बेचाळीस हजार!” वरुणरावानं कपाळावर हात मारला. “हा कोइमतूरचा माणूस झोपतो तरी कधी?”

लॅपटॉपवरच्या लिलावात नवा आकडा लुकलुकला. समोर बसलेल्या सीतारामरावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे इतक्या वर्षांच्या संसारात कमलाक्षीला उमगलं नव्हतं.

“एवढ्याला गाडी येते का ओ?” तिनं हळूच विचारलं.

“ही लहान आहे,” सीतारामराव म्हणाले. “खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाची. हौशी लोक जमवतात.”

“असू दे लहान. बसायचं तर आपल्या दोघांनाच आहे.”

सीतारामरावांनी पुन्हा मान हलवली. हिला कोण समजावणार?

घरातलं सर्वांत जुनं जोडपं हे, पण त्यांचं बोलणं कुणाच्या कानावर जात नसे. नवरात्र होतं म्हणून दोघं हॉलमध्ये होती, एवढंच. वरुणरावाची आई अंबाबाई दर नवरात्रात त्यांना हौसेनं दर्शनी बसवायची. तंजावुरातल्या ओळखीच्या बायका संध्याकाळी यायच्या, हळदकुंकू घ्यायच्या, “अय्यो, अजून किती छान दिसतात हो दोघं!” म्हणायच्या आणि खोबरं घातलेलं चण्याचं सुंडल खात निघून जायच्या. या दोघांना सुंडल कधी कुणी विचारलं नाही. दसरा झाला की त्यांची रवानगी आतल्या अंधाऱ्या खोलीत. तक्रार कुणाकडे करणार?

कमलाक्षीची इच्छा एकच होती. एकदा गाडीत बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून तिनं पापनाशम गावाकडचा रस्ता इतका ऐकला होता, की तो तिला पाठ झाला होता. दोन्ही अंगांना भात, मध्येच कालव्याचं पाणी, नारळांच्या सावल्या गाडीवरून सरसर मागं जाणाऱ्या. उघड्या डोळ्यांनी स्वप्न पाहण्याची तिला सवयच होती. लिलावातली ती गाडी बाटलीहिरवी, बिनछपराची, आत तांबूस चामड्याच्या गाद्या. त्या गादीवर टेकून ती मनातल्या मनात कितीदा तरी कावेरीकाठानं जाऊन आली. प्रत्येक वेळी वारा निराळा.

“नदीजवळ नको हं,” सीतारामराव म्हणाले. “आपल्याला पाणी सोसत नाही.”

“लांबूनच बघू. माझं सगळं अंग त्याच नदीच्या मातीचं. तिला एकदा बघायला नको?”

तेवढ्यात अंबाबाई पदराला हात पुसत आली. “वरुणा, गोलूच्या पायऱ्यांवर मांडायला यंदाची नवी बाहुली कुठंय? दर वर्षी एक तरी नवी मांडावी लागते. खालची पायरी रिकामी आहे.”

“आणतो अम्मा. हे संपू दे.”

“कसलं काय ते? दाखव... खेळण्यातली गाडी? एवढ्या पैशाला?”

“खोकं उघडलेलं नाही म्हणून एवढे. उघडलं की किंमत निम्मी. बोट लागलं की आणखी खाली.”

“मग घेऊन करायचं काय?”

“बघायची.”

“खोक्यासकट?”

“तुला नाही कळायचं अम्मा.”

“नाहीच कळत. बायको आणलीस तर तीही खोक्यातच ठेवशील.”

कमलाक्षीला हसू आलं. सीतारामरावांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कोइमतूरकर अखेर एकसष्ट हजारांना दमला. नव्या स्कूटरसाठी ठेवलेले पैसे वरुणरावानं पाठवून दिले, आणि अष्टमीच्या दुपारी खोकं आलं. समोरच्या पारदर्शक खिडकीतून गाडी अशी चमकत होती, जणू आत्ताच कुठल्या राजाला सोडून आली आहे.

“उद्या आयुधपूजा आटपली,” वरुणराव म्हणाला, “की परवा दसरा, आणि बँक उघडली की हिला लॉकरात.”

“ऐकलंत?” कमलाक्षी कुजबुजली. “आपण आतल्या खोलीत, ती लॉकरात. झाली आपली सैर.”

सीतारामरावांनी मान हलवली, पण या वेळी उगाच नव्हे.

नवमीच्या सकाळी वरुणराव केळी आणि फुलं आणायला गेला. अंबाबाईनं आयुधपूजा काढली. जुन्या स्कूटरला चंदन लावलं, कुंकू लावलं. शिलाईचं मशीन, विळी, मिक्सर, कुणाला सोडलं नाही. मग तिची नजर खोक्यावर गेली.

“वाहन आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “पूजेशिवाय ठेवायचं? काही झालं म्हणजे?”

कात्री टरकन चालली. बाटलीहिरव्या बॉनेटवर चंदनाचा ठिपका बसला, त्यावर कुंकू, आरशाला मोगऱ्याचा गजरा. अंबाबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तळव्यानं गाडी पुढं रेटली. लिंबू फुटलं. रस उडाला तो थेट चामड्याच्या गादीवर.

दारात केळ्यांचा घड खाली पडला.

“अम्मा! एकसष्ट हजार!”

“म्हणूनच म्हटलं, एवढी महागाची गाडी, दृष्ट लागायला नको.”

वरुणराव जमिनीवर बसला. “चार हजारालासुद्धा कुणी घेणार नाही आता.”

“सरी, ठीक आहे,” अंबाबाई म्हणाली. “म्हणजे आता बोट लावलं तरी चालेल. ही झाली यंदाची नवी बाहुली.”

तिनं गाडी उचलून रिकाम्या पायरीवर ठेवली. दोन पावलं मागं सरून पाहिलं. काहीतरी उणं वाटलं. मग तिनं वरच्या पायरीवरून सीतारामराव आणि कमलाक्षीला एकाच मुठीत उचललं, त्यांच्या मातीच्या डोक्यांवरची धूळ पदरानं टिपली, आणि दोघांना मागच्या गादीवर शेजारीशेजारी बसवलं.