दर दोन सेकंदांनी

कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून येणारे रेडिओ संकेत महिनाभर धड मिळत नव्हते. दर दोन सेकंदांनी मध्येच कसली तरी खरखर घुसायची. रेडिओ दुर्बिणीच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं. कँटीनचा मायक्रोवेव्ह गेला, आणि खिशात मोबाइल सापडला म्हणून "अहो बाई, बंदच आहे तो!" असं कळवळून सांगणाऱ्या म्हाताऱ्या वॉचमनची नोकरीही गेली. तरी खरखर काही हटेना. शेवटी बाई स्वतःच हातात अँटेना घेऊन आवारभर फिरल्या आणि खरखरीचा माग काढत फाटकाशी येऊन थबकल्या.



समोर त्यांनीच महिन्यापूर्वी हौसेनं लावून घेतलेला दिव्यांचा बोर्ड दर दोन सेकंदांनी लुकलुकत होता: "मोबाइल बंद ठेवा. दुर्बिणीला त्रास होतो."