दुसरं टोक

कॉम्प्युटरवरची खिडकी पांढरी पडली आणि गुलाबबाईंचं बोट हवेतच राहिलं.

"देखं? असंच व्हस," त्या म्हणाल्या. "रुपा बोलता बोलता थांबी जास. मंग कितलंबी दाबो, हालस नही."

मोहिनीनं खुर्ची पुढे ओढली. प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला होता. नंदुरबारच्या मिरची बाजारात वजनकाट्यावरचे आकडे ऑफिसातल्या पडद्यावर आणून देणं हे तिचं रोजचं काम. एके दिवशी गुलाबबाईंचे पती शांतीलाल तिच्याकडे आले. मुलगी रुपा सुरतेला नोकरी करते, ऑफिसातून फोनवर बोलता येत नाही, आईला मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहून दोघींना बोलता येईल असं काही कर, म्हणाले. तिनं करून दिलं. एक प्रत या घरात बसवली, दुसरी सुरतेला पाठवतो म्हणून ते घेऊन गेले.

बाहेर केळीच्या बागेत दुपार पेंगत होती. उघड्या दारातून कापसाचा एखादा तंतू आत यायचा, उन्हात थबकायचा आणि काही आठवल्यासारखा परत फिरायचा.

चूक तिला लवकर सापडली. जोडणी तुटली की प्रोग्रॅम दुसऱ्या टोकाच्या शब्दाची वाट बघत बसायचा. त्या वाट बघण्यातच तो इतका अडकायचा की पडदा रंगवायचंही सोडून द्यायचा. तिनं वाट बघण्याचं काम वेगळं काढलं. ते मागे बसून ऐकत राहील, खिडकी आपली जिवंत राहील. पलीकडचं कुणी न सांगता गेलं तर तेही कळायला हवं होतं, म्हणून मधूनमधून 'आहेस का?' असं गुपचूप विचारायला लावलं. उत्तर नाही आलं, तर पुन्हा जोडून घ्यायचं. कुणाशी जोडलंय ते दिसावं म्हणून खाली बारीक अक्षरांत पलीकडचा पत्ता आणला.

खिडकी पुन्हा उघडली. थोड्या वेळानं निळसर उजेडातून अक्षरं वर आली.

'माय, गुडघा दुखस का?'

गुलाबबाईंचा चेहरा उजळला. एका बोटानं त्यांनी शोधत शोधत लिहिलं, 'आज कमी शे. तू काय करस?'

'बसेल शे. तुन्ही याद ई ऱ्हायनी.'

मोहिनीनं खालचा पत्ता पाहिला. मग पुन्हा पाहिला. तो सुरतेचा नव्हता. याच घरातल्या राउटरनं दिलेला होता.

"हात धुई येस, मावशी," असं म्हणून ती मागच्या अंगणात गेली.

कपाशीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत छतापर्यंत पांढरा ढीग. त्याला टेकून, मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन शांतीलाल बसले होते. चष्मा नाकावर उतरलेला. अक्षर शोधताना ओठ हलत होते.

तिला पाहून त्यांनी बोटं उचलली.

"रुपा नही बोलस, बेटा. कोनसंगेच नही," ते म्हणाले. "मन्ही मर्जी नव्हती, तरी लगन करं तिनी. घरमा पाय ठेवू नको, मीच सांगं तिले. तवयपासून गुलाब नुसती दारकडे देखत बसे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिले सांगू नको. परत तशीच बसी जाई ती."

मोहिनीनं मान हलवली. परत येऊन तिनं पत्त्याची ती बारीक ओळ पुसून टाकली. प्रोग्रॅम आता बिनचूक चालत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चांगल्या कामाची तिला लाज वाटत होती. भोळी बाई किती मनापासून लिहिते आहे, असं वाटून तिला त्यांच्याकडे बघवेना.

निघताना गुलाबबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. मागे वळून त्यांनी कपाशीच्या खोलीकडे एकदा पाहिलं, मग तिचा हात हातात घेतला.

"ती बारीक ओळ पुसी टाकी ते बरं करं, बेटा. यास्ले सांगू नको हां," त्या हळूच म्हणाल्या. "रुपा तं माले रोज फोन करस. तिना बाप मात्र इतला वरीसमा पहिल्यांदा मन्हासंगे बोली ऱ्हायनात."