तिला कान नाही

"तिला काय विचारता? तिला कान नाही," वायरमन म्हणाला आणि स्वतःच हसला.

विचारणारे होते कानसेन. गाणं ऐकणाऱ्या मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा. वायरमनच्या बायकोला त्यांनी सहज विचारलं होतं, "वहिनी, घरी केलेल्या केबलने काही फरक पडतो का हो?" आणि तिने जे होतं ते सांगितलं होतं, "मला तर बाजारातल्यासारखंच ऐकू येतं." तोंडदेखलं बोलणं तिला कधी जमलं नाही. नवऱ्याच्या उत्तरावर ती रिकामे कप गोळा करायला लागली. तिचे नसलेले कान मात्र लाल झाले होते.

वायरमनला ते दिसलं आणि जरा खटकलंही, पण आज बायकोकडे बघायला त्याला सवड नव्हती. मंडळींनी त्याला वायरमन हे नाव थट्टेने ठेवलं होतं. ती थट्टा आज फिटायची होती. लॅपटॉपमधलं गाणं केबलमधून एका छोट्या पेटीत जायचं आणि पेटीतून स्पीकरमध्ये. ती केबल करायची ही त्याची चौथी खेप. आधीच्या तिन्ही खेपांना कानसेनांनी नुसती मान हलवली होती, तीही आडवी. म्हणून या वेळी त्याने विजेच्या तारा वेगळ्या ठेवल्या, आवाजाच्या वेगळ्या. त्यांना तांब्याची जाळी गुंडाळली, जाळीवर टेप, टेपवर रबर, रबरावर पुन्हा टेप आणि या सगळ्यावर सुती खोळ. खोळ बायकोने शिलाईच्या मशीनवर शिवून दिली होती.

"लावा," कानसेन म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. वायरमनने मघाशी ऐकवलेली बाजारातली केबल काढली, घरची खोचली, गाणं सुरू केलं आणि आपणही डोळे मिटून बसला.

बाई गायला लागली. कानसेनांची बोटं मांडीवर चालू लागली.

"अरे वा," ते म्हणाले. "आवाज बघा कसा मोकळा झाला. मघाशी पडद्याआडून गात होती, आता समोर येऊन बसलीय. श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतोय."

वायरमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कानसेनांचा चेहरा बघावा म्हणून त्याने डोळे उघडले, तर त्याला पेटीवरचा दिवा दिसला. दिवा निळा होता.

केबलमधून गाणं आलं की तो दिवा हिरवा असायचा. निळा म्हणजे ब्लूटूथ. म्हणजे तारेचा संबंधच नाही, गाणं हवेतून येतंय. दुपारी मुलीने लॅपटॉप ब्लूटूथने पेटीला जोडला होता, तो तसाच जोडलेला राहिला होता. त्याने हळूच पेटीमागे हात घातला. टेप आणि रबर चढवून चढवून केबलचं तोंड इतकं जाड झालं होतं, की ते आत शिरलंच नव्हतं. नुसतं टेकून राहिलं होतं.

त्याने मान वर केली. बायको ट्रे घेऊन दारात उभी होती आणि तीही दिव्याकडेच बघत होती.

"वहिनी," कानसेन मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आता तरी कळला का फरक?"

वायरमनचा हात पेटीमागेच राहिला. ती आता सांगणार, आणि सांगायचा तिला पुरा हक्क होता.

तिने दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कळला," ती म्हणाली.

कानसेन खूश होऊन उठले. घरी लावून बघतो म्हणून केबलही मागून घेतली. वायरमनने गाणं थांबवून ती काढून दिली. ते गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ती कप विसळत होती.

"दिवा निळा होता," तो म्हणाला.

"हो."

"मग खोटं का बोललीस?"

"किती कानकोंडा झाला होतास," ती म्हणाली. "परक्या माणसासमोर कुणाला मान खाली घालायला लावू नये रे."

हा टोमणा असता तर त्याने परतवला असता. पण ती टोमणा मारत नव्हती. तिला मनापासून तसं वाटत होतं, आणि मघाचा स्वतःचा अपमान तिने त्यात धरलाच नव्हता. वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच अनवाणी जिना उतरून धावला.

कानसेन कठड्याला धरून सावकाश उतरत होते. शेवटच्या पायरीवर त्याने त्यांना गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. निळा दिवा, ब्लूटूथ, केबलचं जाड तोंड. "आणि तिला कान नाही म्हणालो, ते माझं चुकलं. ती म्हणाली तेच खरं होतं."

कानसेनांचा चेहरा उतरला. "पण तो श्वास..." ते पुटपुटले आणि थांबले. हातातली केबल त्यांनी नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात ठेवली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"झालं ते झालं. एक करा, वहिनींना यातलं काही कळू देऊ नका. आपली काय शोभा राहील?"

वायरमन खाली बघत उभा राहिला. खोळीवरची टाक्यांची बारीक ओळ त्याच्या बोटांना लागत होती.

तेवढ्यात वरून, गॅलरीतून, तिची हाक आली.

"भाऊजी, तुमचा चष्मा राहिला."