बेचाळीस लाखांची राई

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शाहूवाडीकडच्या एका वाडीतल्या देवराईत पहिलं झाड पडलं. साडेनऊला तिथले गुरव, अंबादासकाका, यांनी कोल्हापुरात भैरवीला फोन करून ती बातमी दिली, आणि तीही खुशीत.

भैरवी पर्यावरणीय अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. राईतला झरा, मध, हिरडा, मुळांनी धरून ठेवलेली माती या सगळ्याचं मोल तिने बेचाळीस लाख काढलं होतं. राईला कुणी हात लावू नये म्हणून तिनेच तो आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवला होता.

“तुमच्याच आकड्याला सौदा झाला की, ताई! रिसॉर्टवाल्या पावण्यानं घासाघीसबी केली न्हाय.”

भैरवी खुर्चीतून उठलीच. “अहो काका, तिथली वाळकी काटकीसुद्धा तुम्ही कुणाला उचलू देत नव्हता. देवाला न विचारता राई विकलीत?”

“न इचारता कशी? म्या सोता कौल लावला. समद्या गावासमोर उजवं फूल पडलं. उजवं म्हंजे व्हय.”

“आणि याआधी कधी विचारलं होतं?”

“दोनदा इचारलंतं. दोन्ही बारीला न्हाय म्हणाला. पण तवा त्येला आकडा कुठं ठावं हुता?”

भैरवीने त्यांचा फोन कापून वनखात्याचा नंबर लावला. दहा वाजता त्यांची गाडी निघाल्याचं कळलं. तोवर अकरा झाडं पडली होती.