परतीचा डबा

पोरगा हातपाय धुतोय तोवर म्हातारीनं उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. कोइमतूरहून तो आला, की पहिल्याच दिवशी परतीचा डबा भरायचा, ही तिची तीस वर्षांची रीत.

"आये, आता कायमचा आलोय. हितंच तुझ्याजवळ भट्टी टाकणार."

"मागल्या दिवाळीलाबी हेच म्हणालावतास." म्हातारीनं मुसळ काय थांबवलं नाही.

त्यानं हसत पिशवीतनं सोनं गाळायच्या भट्टीवरची सांडशी काढली न् तिच्यापुढं ठेवली. म्हातारीनं लगेच ओळखली. नवऱ्याची होती; तो पहिल्यांदा कोइमतूरला निघाला तवा तिनंच पिशवीत घातलेली. तोबी जन्मभर सुट्टीला यायचा, पण सांडशी तिकडं दुकानातच असायची.

म्हातारीनं डबा बाजूला सारला न् सगळी चटणी घरच्या बरणीत भरली.

"मग उद्या पहाटं धार तू काढ. म्हस लाथ मारती, संभाळून."