वाढीव गरज

"छप्पर माझं, ऊन सूर्याचं. मग माप यांचं कशाला?" अण्णांनी विचारलं.

उन्मेष मेजरिंग टेप गुंडाळत गच्चीवरून खाली आला. सोलर बसवून देणाऱ्या एजन्सीचा हा मुलगा. त्याच्या मते चिखलोलीतल्या या बंगल्यावर पाच किलोवॅटचे पॅनेल आरामात बसले असते. वीज कंपनीकडून मंजुरी मात्र एकाच किलोवॅटची मिळणार होती.

"काका, गच्ची क्रिकेटच्या ग्राउंडएवढी असली तरी उपयोग नाही. वर्षभरात वीज किती वापरली, त्यावर साइज ठरते. आणि तुमचा वापर म्हणजे... खरं सांगू? एवढा वापर बंद घराचा असतो."

अण्णांना वाटलं, हे कौतुक आहे. आनंदनगरच्या केमिकल कंपनीत मॅनेजर असताना वीज बचतीची ढाल त्यांच्याच खात्याकडे असायची. घरी तर ढाल न मिळताही त्यांनी ते काम चालू ठेवलं होतं. माणूस खोलीतून पूर्ण बाहेर पडायच्या आत ते दिवा बंद करत. थंडीत फ्रिजला रजा मिळे. एकदा व्याही न्हाणीघरात असताना त्यांनी सवयीनं बाहेरचं बटण दाबलं होतं. व्याह्यांनी उरलेली आंघोळ अंदाजानं केली.

"म्हणजे मी वीज वाचवली हा गुन्हा?"

"गुन्हा नाही ओ काका. सिस्टीमला वाटतं, तुम्हाला गरजच नाही."

"आणि तो जयदेव?" अण्णांनी खिडकीबाहेर बोट रोखलं. शेजारच्या गच्चीवर निळ्या पॅनेलची रांग ऐटीत उन्हं खात होती. "त्याच्या कुत्र्याला एसी आहे! उधळ्याला म्हणायचं, घे बाबा अजून. आणि जो जपून राहिला त्याला म्हणायचं, तू राहा तसाच. वा रे न्याय!"

संताप वीजनीतीपुरता नव्हता. एप्रिलमध्ये लेक सई पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिच्या अंबरनाथच्या सासूबाईंनी फोनवर गोड आवाजात सुचवलं होतं, "तिकडे पंखेसुद्धा जपूनच लावता ना तुम्ही? राहू दे तिला इथेच." त्यावर अण्णांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, बाळाच्या खोलीत एसी लागणार, दिवसरात्र चालणार, तोही आमच्या स्वतःच्या सोलरवर. आता एका किलोवॅटवर त्या एसीनं नुसता सुस्काराच टाकला असता. आणि पोर सासरीच राहिली असती.

माई चहा घेऊन आल्या. ब्लाउज पाठीला चिकटला होता. कप ठेवून त्या दाराशी उभ्या राहिल्या. उन्मेष पाहुणा होता, म्हणून हॉलमधला पंखा एकवर फिरत होता.

अण्णांनी कप उचलला, पण तोंडाला लावायचं त्यांना सुचेना. "मला एक सांग, घरात राहणार आम्ही, घामानं भिजणार आम्ही. आणि कुणीतरी खुर्चीत बसून ठरवणार, यांना एवढंच पुरे! विचारलं का कधी येऊन, की बाबांनो, तुम्हाला किती लागतं? विचारायची पद्धतच नाही. आपण मागायचं आणि त्यानं मान वर न करता नाही म्हणायचं. ही कसली माणुसकी?"

"बरोबर आहे काका," उन्मेष म्हणाला. रोज तीन घरी तो हेच म्हणत असावा. "पण एक रस्ता आहे. वाढीव गरज दाखवायची. घरात नवीन काय काय लागणार ते सांगा, मी अर्जात टाकतो. पास होऊ शकतं."

"एसी. बास. उगाच खोटं काही घालू नकोस." अण्णांनी चहाचा घोट घेतला.

"स्वयंपाकघरात पंखा लिही," माई म्हणाल्या.

उन्मेषनं मोबाइलवरून मान वर केली. "काकू, किचनला पंखाच नाही? चिखलोलीच्या उन्हात?"

"नाही. मागितला होता. बंगला बांधला तेव्हाही, आणि मागच्या मे महिन्यात चक्कर आली तेव्हाही. मंजूर नाही झाला."

उन्मेषला आता खरोखरच राग आला. "पंख्याला कसली मंजुरी? तुम्हाला फसवलं कुणीतरी काकू. कुठल्या ऑफिसनं अडवलं? बदलापूरच्या का अंबरनाथच्या? नाव सांगा, मी स्वतः जाऊन भांडतो."

माईंनी पदरानं मानेवरचा घाम टिपला.

"लांब नको जाऊस बाळा," त्या म्हणाल्या. "ते काय, तुझ्या पुढ्यात बसून चहा पितंय."