आमची कुठेही शाखा नाही

या वेळीही आकडा जुळला नाही, तर हा कॉम्प्युटर उचलून वळवणच्या धरणात टाकायचा, असं सारिकाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

लोणावळ्यातल्या त्यांच्या चिक्कीच्या दुकानातलं ते जुनं यंत्र आता धापा टाकत होतं. विंडोज काढून लिनक्स घाला, फुकट असतं, हलकं असतं, असं कुणीतरी सुचवलं. फुकट खरं, पण त्याचे प्रकार चिक्कीपेक्षा जास्त. एक निवडतानाच डोकं उठलं. मग फाइल उतरवायची आणि तिचा अंक-अक्षरांचा लांबलचक आकडा काढून साइटवरच्या आकड्याशी ताडायचा. जुळला तर फाइल अस्सल. दोनदा नेट मध्येच तुटलं आणि आकडा चुकला. दिवाळीच्या ऑर्डरी याच यंत्रावर, बँकही याच्यावरच. ते शनिवारच्या आत सुरू झालं नाही, तर गिऱ्हाईक शेजारी जाणार.

शेजारी म्हणजे जुनी जखम. सासऱ्यांनी, दत्तोबांनी, हातगाडीपासून दुकान उभं केलं. शेजारच्याने त्याच नावाला मागे एक शब्द चिकटवला आणि वर पाटी ठोकली, 'मूळचे दुकान. आमची कुठेही शाखा नाही.' लोक पाटी वाचून खुशाल आत शिरत. सारिकाच्या अंगाची लाही लाही होई. एवढी शिकलेली माणसं, आणि एवढी साधी अक्कल नसावी?

तिसऱ्यांदा फाइल उतरली. तिने बोट ठेवून एकेक अक्षर ताडलं. जुळलं. जीव भांड्यात पडला. ती पेन ड्राइव्ह लावणार, तोच एक पुणेकर बाई दारात उभ्या राहिल्या.

"खरं दुकान कुठलं हो? शेजारी तर तशी पाटीच आहे."

सारिकाचा दिवसभराचा वैताग जिभेवर आला. "पाटी त्यांनीच लावलीय ना? खोटा माणूस आपल्या पाटीवर 'मी खोटा' असं लिहील का?"

बाई नाक मुरडून शेजारी गेल्या.

"गिऱ्हाइकाला असं बोलत्यात व्हय?" गल्ल्यावरून दत्तोबा म्हणाले.

सारिका पडद्याकडे बघत राहिली होती. शोधल्यावर सगळ्यात वर आलेली म्हणून तिने ही साइट उघडली होती. माथ्यावर ठळक अक्षरांत 'अधिकृत'. फाइल इथलीच, आणि ताडायचा आकडाही इथलाच. तिने साइटचा पत्ता आता कुठे नीट वाचला. लिनक्सवाल्यांच्या नावाला मागे एक शब्द चिकटवलेला होता.

तिने फाइल पुसून टाकली.

"चुकलंच, आबा," ती म्हणाली. "मीपण पाटी वाचूनच आत शिरले होते."